आधी मोजणी, मग मंजुरी : कोकण किनाऱ्याच्या अधिवास-नकाशासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री – वने, पर्यावरण व वातावरणीय बदल, मत्स्यव्यवसाय, महसूल
मंत्रालय, मुंबई

विषय : राज्याच्या सातही किनारी जिल्ह्यांतील वन्यजीव, त्यांचे अधिवास व किनारी परिसंस्था यांची स्थानिकांच्या सहभागाने मोजणी करून खुला, अद्ययावत व बंधनकारक नकाशा तयार करण्याबाबत.

महोदय,

पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांत मासेमारी करणारे, खाडीत कालवे आणि तिसऱ्या काढणाऱ्या, कासवांची घरटी राखणारे, पाणपक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे आणि शाळा-महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणारे आम्ही सारे एका संघटनेत एकत्र आलो आहोत. आमचे व्यवसाय वेगळे आहेत, काही प्रश्नांवर मतेही वेगळी आहेत. एका गोष्टीवर मात्र आमचे एकमत आहे. किनाऱ्यावर कोठे काय जगते, याचा विश्वासार्ह नकाशा आज राज्याकडे नाही, आणि तो नसल्यामुळे किनाऱ्याचे, त्यावर जगणाऱ्या जिवांचे आणि माणसांचे रोज नुकसान होत आहे. म्हणून हे मागणीपत्र आपल्यासमोर ठेवत आहोत.

१. नकाशावर काय अवलंबून आहे

सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाला कसलेल्या जमिनीवर हक्क सांगताना जी धडपड करावी लागते, तीच धडपड नकाशावर नसलेल्या खाजणासाठी, कालवांच्या खडकासाठी आणि कासवांच्या पुळणीसाठी करावी लागते. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. नंतर २०११ मध्ये आणि १८ जानेवारी २०१९ रोजी ती नव्याने आली. कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलाणे, समुद्रगवताची कुरणे, कासवांच्या विणीच्या जागा आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा यांना या अधिसूचनेत सर्वांत वरचे संरक्षण आहे. परंतु हे संरक्षण प्रत्यक्षात मिळते ते किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर त्या जागेची नोंद असेल तेव्हाच. नोंद नसली की अर्ज आल्यावर तेथे ‘मोकळी जागा’ दिसते आणि फाइल पुढे सरकते.

२०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. पट्टा जितका अरुंद, तितकी रेषा अचूक हवी. दोनशे मीटरच्या पट्ट्यात दहा-वीस मीटरची चूक झाली तरी काही तरी शिल्लक राहते, पन्नास मीटरच्या पट्ट्यात तेवढ्या चुकीने पुळणीचा मोठा भाग हातचा जातो. संरक्षणाची रुंदी कमी करताना शासनाने मोजणीची अचूकता त्याच प्रमाणात वाढवायला हवी होती. ती वाढलेली नाही.

मोजणी बारकाईने केली की काय फरक पडतो, हे शासनाच्याच आकड्यांवरून दिसते. केंद्राच्या जुन्या मोजणीनुसार महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ किलोमीटर होता. अलीकडच्या फेरमोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर भरला. देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८ किलोमीटरवर गेला. समुद्रकाठ वाढलेला नाही. जुनी मोजणी एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावर होती, नवी एकास अडीच लाख प्रमाणावर झाली, त्यामुळे खाड्यांची वळणे आणि बेटांच्या कडा हिशेबात आल्या. किनाऱ्याची लांबी पुन्हा मोजली गेली, आता त्या किनाऱ्यावर काय आहे तेही मोजावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

२. आजच्या नोंदींत काय राहून जाते

पहिली उणीव प्रमाणाची. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचे कांदळवन २०१९ मध्ये ३२० चौरस किलोमीटर, २०२१ मध्ये ३२४ आणि २०२३ मध्ये ३१५ चौरस किलोमीटर असे दिले आहे. या देशव्यापी पाहणीत किमान एक हेक्टरचा, म्हणजे दहा हजार चौरस मीटरचा, सलग तुकडा असेल तरच त्याची नोंद होते. किनारा नियमनाची अधिसूचना मात्र एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा राखीव पट्टा ठेवायला सांगते. ज्या कांदळवनाभोवती कायदा राखीव पट्टा ठेवतो, त्याच्या जवळपास दहापट मोठे कांदळवनही या पाहणीतून सुटू शकते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अरुंद खाड्यांत तिवर आणि चिपी काठाकाठाने एका-दोन झाडांच्या पट्टीने वाढतात. हे कांदळवन क्षेत्रफळाने लहान दिसते, पण खाडीचा काठ तेच धरून ठेवते. जिताड्याची पिल्ले आणि चिखलातले खेकडे त्याच्याच मुळांत वाढतात.

दुसरी उणीव वेळेची. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आमच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि सर्वांत खोल सुकती सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास लागते. जमिनीची छायाचित्रे घेणारे बहुतेक उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. त्या वेळी उधाणाचे पाणी चढणीला लागलेले असते. कालवांचे खालचे खडक, मुळ्यांचे आणि तिसऱ्यांचे पट्टे, हजारो पाणपक्षी जेथे चरतात ती खालची चिखलाणे उघडी पडतात ती नेमकी ज्या वेळी उपग्रह वर नसतो त्या वेळी. पावसाळ्याचे चार महिने तर ढगांमुळे साधी छायाचित्रे मिळतच नाहीत. उपग्रहाची उपयुक्तता आम्ही नाकारत नाही. पण सुकतीच्या वेळी चिखलात उतरल्याशिवाय किनाऱ्याचा खालचा अर्धा भाग कोणत्याही नकाशावर येणार नाही.

तिसरी उणीव पाण्याखालची. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे आणि त्यावर प्रवाळ आहे. २०१९ च्या अखेरीस तेथे शास्त्रीय मोहीम गेली. या दोन जागांची नावे तरी निघतात. सिंधुदुर्गात पाणबुडे रोज ज्या खडकांवर उतरतात, रायगड-रत्नागिरीत मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या ज्या खडपांवर गळ टाकतात, त्यांचा सलग नकाशा नाही.

चौथी उणीव माणसांची. गावपातळीच्या १:४,००० प्रमाणाच्या नकाशांवर मच्छीमार गावे, सुकवणीच्या जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि समाजाच्या सामाईक जागा दाखवाव्यात, असे किनारा नियमनाच्या अधिसूचनेतच म्हटले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेत राज्यात ४५६ मच्छीमार गावे होती. त्यांतल्या किती गावांची वाळवण्याची खळी, होड्या ओढण्याच्या जागा आणि रापणीचे किनारे नकाशावर उतरले, हे गावोगाव जाऊन ताडून पाहावे. उत्तर शासनाला समाधान देणारे नसेल.

पाचवी उणीव विखुरलेपणाची. कांदळवनांची माहिती वन विभागाकडे, मासळीची मत्स्यव्यवसाय विभागाकडे, बंदरांची सागरी मंडळाकडे, जमिनीची भूमी अभिलेखाकडे, आराखड्याचे नकाशे पर्यावरण विभागाकडे आणि लोकजैवविविधता नोंदवह्या ग्रामपंचायतींकडे. जैवविविधता कायदा २००२ चा असूनही अनेक गावांत या नोंदवह्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिल्यावर घाईघाईने भरल्या गेल्या. एका गावची यादी दुसऱ्या गावाला लावल्यासारख्या त्या वाचायला मिळतात. डोंगरकाठच्या वनस्पती खाडीकाठच्या गावात आणि खाडीतली निवटी व मुळे मात्र गायब, अशी नोंदवही काय कामाची?

३. किनाऱ्यावर मोजणी कशी होते

लोकांच्या नोंदी ‘शास्त्रीय नसतात’ असे आम्हाला ऐकवले जाते. म्हणून एका नोंदीची रीत येथे सविस्तर सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांसह सुरू केलेले हे काम आज किनाऱ्यावरच्या अनेक गावांत चालते. विणीच्या हंगामात कासवमित्र उजाडण्यापूर्वी पुळणीवर निघतो. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वर आलेली असेल तर तिच्या वल्ह्यांचा माग भरतीच्या रेषेतून वर चढताना दिसतो, एका जागी वाळू विसकटलेली असते आणि दुसरा माग पाण्याकडे परततो. माग सलग असून मध्ये विसकट नसेल तर मादी अंडी न घालताच परतली, हे तो ओळखतो. विसकटलेल्या जागी काठीने वाळूची भुसभुशीत जागा हळूच अजमावली जाते आणि मग हाताने उकरले जाते. अंडी साधारण दीड फूट खोल असतात, एका घरट्यात शंभर ते दीडशेच्या आसपास. घरट्याची तारीख, अक्षांश-रेखांश, भरतीच्या रेषेपासूनचे अंतर, खोली आणि अंड्यांची संख्या वहीत उतरते. अंडी कुंपणाच्या आत तितक्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवली जातात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर आली की ती मोजली जातात, मग घरटे उकरून रिकामी टरफले, न फुटलेली अंडी आणि मेलेली पिल्ले वेगवेगळी मोजली जातात. वाळूच्या तापमानावर पिल्ले नर की मादी हे ठरते, वाळू तापली की माद्या वाढतात. म्हणून काही ठिकाणी वाळूचे तापमानही लिहिले जाते.

ही नोंद शास्त्रीय नसेल, तर शास्त्रीय नोंद कशी असते? याच घरट्यांच्या नोंदींच्या भक्कम पायावर जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन कक्ष यांनी कोकणातल्या कासवांना प्रथमच उपग्रह-यंत्रे लावली. वेळासच्या किनाऱ्यावरच्या पहिल्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेनेही पुरावा मिळाला. ओडिशात २०२१ मध्ये खूण लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. दोन किनाऱ्यांची कासवे वेगळी, हा समज त्या एका नोंदीने हलवला. ती खूण पाहणारा आणि लिहून ठेवणारा माणूस किनाऱ्यावर उभा होता म्हणून हे कळले.

दुसरे उदाहरण मच्छीमारांचे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक चांगली योजना आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव जाळे कापून जिवंत सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाची छायाचित्रे द्यावी लागतात. कोणता जीव, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात आणि किती वावांवर सापडला, याची ही नोंद म्हणजे मच्छीमारांनी स्वतःचे जाळे फाडून शासनाला दिलेले सर्वेक्षण आहे. ते आज भरपाईच्या फायलीत पडून आहे. ते नकाशावर आले, तर कासवे व डॉल्फिन कोणत्या हंगामात कोठे असतात, हे वेगळा खर्च न करता कळेल.

४. आमच्या मागण्या

मागणी १ : एकच पायाभूत नकाशा. सातही जिल्ह्यांसाठी १:४,००० प्रमाणाचा एकच अधिवास-नकाशा करावा. त्यात पुळण, वाळूच्या टेकड्या, खडप, चिखलाण, खाजण, कांदळवन, मिठागर, समुद्रगवत, प्रवाळ, कालवे-मुळे-तिसऱ्यांच्या जागा, बेटे आणि खाडीमुखे स्वतंत्र दाखवावीत. पाचशे चौरस मीटरपेक्षा लहान कांदळवनाचीही बिंदू म्हणून नोंद व्हावी, म्हणजे उद्या ते वाढले तर त्याचा इतिहास हाती राहील. हे काम वन, मत्स्यव्यवसाय, पर्यावरण, महसूल आणि भूमी अभिलेख या विभागांच्या एका संयुक्त कक्षाकडे द्यावे आणि नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची मदत घ्यावी.

मागणी २ : सुकती आणि हंगाम पाहून मोजणी. आंतरभरती पट्ट्याची पाहणी उधाणाच्या सुकतीलाच व्हावी. तेथे उपग्रह पुरत नसेल तर ड्रोन वापरावा आणि पायी पाहणी व्हावी. या पट्ट्यातल्या प्रत्येक जागेची किमान तीन हंगामांत, म्हणजे हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्यानंतर, मोजणी करावी. पावसाळ्यात ढगांतून पाहणारी रडार-छायाचित्रे वापरावीत. २०२१ च्या भूस्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक सूचना आणि त्याच वर्षीचे ड्रोन नियम आल्यापासून नकाशाकामातल्या परवानग्यांचा अडसर बराच कमी झाला आहे, त्यामुळे तांत्रिक अडचण उरलेली नाही.

मागणी ३ : स्थानिक मोजणीदार, मोबदल्यासह. प्रत्येक किनारी गावातून किमान दोन मोजणीदार नेमावेत आणि त्यांत एक महिला असावी. कालवे फोडणाऱ्या आणि तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रियांना कोणता खडक किती वर्षांपूर्वी गाळाखाली गेला, कोणत्या नाल्याच्या मुखाशी शिंपले मरायला लागले, हे ठाऊक असते. त्यांना पाहणीच्या दिवशी ‘माहिती विचारून’ पाठवू नये, प्रशिक्षण देऊन पथकात घ्यावे. कासवमित्रांना वर्षभराचे मानधन आणि विमा द्यावा. हंगामापुरती मजुरी देऊन दीर्घकाळची नोंद टिकत नाही.

मागणी ४ : नकाशा गावात वाचला जावा. मसुदा नकाशा गावकऱ्यांना समजेल अशा मोठ्या प्रतीत, मराठीत आणि स्थानिक नावांसह ग्रामसभेत व कोळीवाड्यात लावावा. हरकतींसाठी किमान साठ दिवस द्यावेत आणि ही मुदत मासेमारी बंदीच्या काळात असावी, म्हणजे लोक घरी असतील. प्रत्येक हरकतीवर जागेवर जाऊन पडताळणी व्हावी आणि निर्णय लेखी कळवावा.

मागणी ५ : प्रजातींची कायमची नोंद. ऑलिव्ह रिडलेची घरटी, खाड्यांतले व किनाऱ्यालगतचे डॉल्फिन, समुद्री गरुडाची घरटी, वेंगुर्ला रॉक्सवरची पाकोळ्यांची वसाहत, ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) आणि हिवाळी पाणपक्षी यांची दरवर्षी ठरल्या पद्धतीने गणना व्हावी. आशियाई पाणपक्षी गणना भारतात १९८७ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तिला राज्याने निधी आणि अधिकृत दर्जा द्यावा. किनाऱ्याला लागलेल्या मृत डॉल्फिन, देवमासे व कासवांचे शवविच्छेदन करून कारणासह नोंद करण्याची सोय प्रत्येक जिल्ह्यात असावी.

मागणी ६ : ठाणे खाडीभोवतीच्या जागा. ६ ऑगस्ट २०१५ रोजी १,६९० हेक्टरचे रोहित अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये ठाणे खाडीच्या ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला. पण पक्षी अभयारण्याची हद्द पाहून बसत नाहीत. भरतीला खाडीतले चिखलाण बुडाले की ते आजूबाजूच्या तळ्यांवर आणि मिठागरांवर विसाव्याला येतात. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरे आणि किनारा नियमनाखालची पाणथळे आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. म्हणून या विसाव्याच्या जागा आणि त्यांना खाडीचे पाणी पोहोचवणारे प्रवाह स्वतंत्रपणे नकाशावर घ्यावेत. तळे राहिले आणि पाण्याची वाट बुजली, तर ते तळे पक्ष्यांच्या उपयोगाचे राहत नाही.

मागणी ७ : सडे ‘पडीक’ म्हणून लिहिणे थांबवावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे किनारी परिसंस्थेचाच भाग आहेत. पावसाळ्यात त्यांवर तात्पुरती डबकी, कीटकभक्षी वनस्पती, बेडूक आणि रानफुले असतात, त्यांत मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींना आणि खाडीला मिळते. महसुली नोंदीत मात्र ते पोटखराबा किंवा पडीक असतात, म्हणून प्रकल्पांसाठी पहिली नजर त्यांवर जाते. सड्यांची पाहणी जून ते ऑक्टोबर या काळातच करावी आणि त्यांना नैसर्गिक खुला अधिवास म्हणून स्वतंत्र वर्ग द्यावा. तेथील कातळशिल्पेही त्याच नकाशावर असावीत.

मागणी ८ : खाजण-जमिनीच्या मालकांना न्याय. रायगडात पेण, अलिबाग, उरण भागात खारबंदिस्तीचा बांध फुटून किंवा उघाडी नादुरुस्त होऊन अनेक शेतकऱ्यांच्या भातखाचरांत खारे पाणी शिरले आणि तेथे कांदळवन उगवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर हे कांदळवन तोडता येत नाही आणि ते तोडावे असे आमचेही म्हणणे नाही. पण बांध राखण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांनी ते केले नाही, आणि भार मात्र शेतकऱ्यावर पडला. अशा जमिनींची स्वतंत्र यादी करून मालकांना मोबदला किंवा कांदळवन राखण्याचे वार्षिक मानधन द्यावे. मोजणी आली की जमीन गेली, ही भीती राहिली तर कोणीही खरी माहिती देणार नाही.

मागणी ९ : माहिती खुली, धोक्याच्या जागा झाकलेल्या. नकाशा, मूळ आकडे आणि मोजणीची पद्धत संकेतस्थळावर सर्वांना मोफत मिळावी. अपवाद फक्त चोरट्या शिकारीचा धोका असलेल्या प्रजातींचा. वेंगुर्ला रॉक्सवर पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी यापूर्वी उघडकीस आली आहे. अशा जागा सार्वजनिक नकाशावर ढोबळ चौकटीत दाखवाव्यात आणि नेमके ठिकाण जबाबदार अधिकाऱ्यांपुरते ठेवावे.

मागणी १० : नकाशा बंधनकारक असावा. या मागणीवर आमचा सर्वाधिक भर आहे. बंदर, धक्का, रस्ता, रिसॉर्ट, खाणकाम, धूपप्रतिबंधक बंधारा, कोणताही प्रस्ताव आला की प्रथम या नकाशाशी ताडावा आणि ज्या क्षेत्राची मोजणी पूर्ण झालेली नाही तेथे मंजुरी देऊ नये. पर्यावरणीय परिणाम अहवालासाठी प्रकल्पकर्त्यांनी गोळा केलेली मूळ माहिती राज्याच्या नकाशात जमा करणे सक्तीचे करावे. एकाच हंगामात केलेली पाहणी वर्षभर किनाऱ्यावर राहणाऱ्या जिवांविषयी पुरेशी मानू नये. देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग धूपग्रस्त असल्याचे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ च्या अभ्यासात आढळले. धूप थांबवण्यासाठी दगडी बंधारा घालण्यापूर्वी, त्या पुळणीवर कासवे विणतात का आणि बंधाऱ्याने वाळू शेजारच्या गावातून ओढली जाईल का, ही दोन उत्तरे नकाशावरून द्यावीत.

मागणी ११ : नकाशा लोकांविरुद्ध वापरला जाऊ नये. मालवणचे अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांचा विश्वास संपादन केला गेला नाही, आणि तो विरोध आजही पूर्ण मावळलेला नाही. म्हणून आम्ही स्पष्टपणे मागतो की या मोजणीच्या आधारे पारंपरिक मासेमारी, रापण किंवा शिंपले वेचणे बंद करायचे असेल, तर संबंधित ग्रामसभा व मच्छीमार सहकारी संस्थेची लेखी संमती घ्यावी. रापणीचे किनारे, डोलीच्या जागा आणि सामाईक खळी यांची नोंद हक्काचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावी.

मागणी १२ : आंग्रिया बँकेचा प्रस्ताव. ही जागा राज्याच्या सागरी हद्दीपलीकडे आहे, त्यामुळे राज्याने केंद्राकडे तिच्या संपूर्ण सर्वेक्षणाची व मच्छीमारांशी चर्चेअंती संरक्षणाची शिफारस करावी.

५. अपेक्षित आक्षेपांविषयी

खर्च कोठून येणार, असे विचारले जाईल. कांदळवनांसाठी केंद्राची २०२३ ची मिष्टी योजना आहे, वनीकरणाचा भरपाई निधी आहे, मोठ्या किनारी प्रकल्पांना घातलेल्या अटींमधून येणारा निधी आहे. त्यातला निश्चित वाटा मोजणीला द्यावा. रोपे किती लावली याचा हिशेब शासन दरवर्षी देते. त्यांतली किती जगली आणि ती लावताना पाणपक्ष्यांचे उघडे चिखलाण झाकले गेले का, हे मोजणीशिवाय सांगता येत नाही. मोजणीवरचा खर्च लागवडीवरचा वायफळ खर्च वाचवतो.

विकास थांबेल, असेही म्हटले जाईल. आमचा अनुभव उलट आहे. माहिती नसल्यामुळेच प्रकल्प न्यायालयात अडकतात, फेरआखणी होते, खर्च वाढतो, आणि तोवर लोक व शासन समोरासमोर उभे राहतात. कोठे बांधता येईल आणि कोठे नाही, हे आधीच ठाऊक असेल तर धक्का, बर्फाचा कारखाना, निवारा शेड या आमच्याच गरजेच्या गोष्टी लवकर होतील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला झोडपून गेले. कोणत्या गावाच्या पुढ्यात कांदळवन होते, कोणाच्या पुढ्यात वाळूची टेकडी होती आणि कोणाच्या पुढ्यात काहीच नव्हते, याचा नकाशा हाती असता तर मदतीचे आणि पुनर्बांधणीचे काम अधिक शहाणपणाने झाले असते.

सुरक्षेचे कारणही दिले जाईल. संरक्षण दलांच्या जागा वगळाव्यात, त्याला आमचा विरोध नाही. पण कालवांचा खडक आणि पाणपक्ष्यांचे चिखलाण ही गुप्त माहिती नाही.

६. कालबद्ध कार्यक्रम

शासनाने तीस दिवसांत संयुक्त कक्ष स्थापन करून त्यात मच्छीमार, शेतकरी, कासवमित्र आणि संशोधक यांचे प्रतिनिधी घ्यावेत. सहा महिन्यांत प्रत्येक जिल्ह्यातली एक खाडी व एक पुळण घेऊन प्रायोगिक मोजणी पूर्ण करावी आणि तिच्यातल्या चुकांवरून पद्धत नक्की करावी. दोन वर्षांत सातही जिल्ह्यांचा नकाशा प्रसिद्ध करावा. त्यानंतर दर तीन वर्षांनी फेरमोजणी व्हावी आणि मागच्या नकाशाशी तुलना करून काय वाढले, काय घटले, याचा अहवाल विधिमंडळात मांडावा. नकाशा पूर्ण होईपर्यंत, ज्या जागेविषयी वाद आहे तेथे संरक्षण आहे असेच गृहीत धरावे.

महोदय, या मागण्यांसाठी नवा कायदा करावा लागत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, जैवविविधता कायदा, किनारा नियमनाची अधिसूचना आणि उच्च न्यायालयाचा निकाल यांत आवश्यक ते सर्व आहे. कमतरता आहे ती जागेवर जाऊन पाहण्याची, पाहिलेले एकत्र लिहिण्याची आणि लिहिलेले मानण्याची. कासवांच्या घरट्यांच्या, पक्षीगणनेच्या, डॉल्फिन दिसल्याच्या आणि मासळीच्या आमच्या वह्या आम्ही कोणतेही शुल्क न घेता संयुक्त कक्षाला द्यायला तयार आहोत. उधाणाच्या सुकतीला अधिकाऱ्यांसोबत चिखलात उतरायलाही तयार आहोत. या मागणीपत्रावर चर्चेसाठी संबंधित सर्व विभागांची एकत्र बैठक बोलवावी आणि तिची तारीख आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती. तोवर, ज्या किनाऱ्याची मोजणी झालेली नाही त्या किनाऱ्यावर कोणत्याही नव्या प्रकल्पाला मंजुरी देऊ नये.

आपले नम्र,
अध्यक्ष, सरचिटणीस व कार्यकारिणी सदस्य
(संघटनेच्या सर्व जिल्हा शाखांच्या वतीने)

प्रत माहितीसाठी : सातही किनारी जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी, महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर, अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक, कांदळवन कक्ष, मुंबई.